सहासष्टाचे तेहेतीस

१४ सप्टेंबर १९९७, रविवार

आज पुन्हा ह्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर मूठ मारली. मी स्वयंपाकघरातून धावत गेले, तर हे उजवा हात डब्याच्या पुढच्या बाजूला, त्या दोन लहान बटणांपाशी घासत होते. मी हात धरून मांडीवर ठेवला. विजू अमेरिकेला जाताना बजावून गेला होता, "अम्मा, मोठा स्विच तेवढा लाव. बाकीच्या बटणांना हात नाही." हे रागावले. आता रागावणंही उशिरा येतं, चेहऱ्याची एक बाजू आधी आणि दुसरी मागाहून. मग उठले आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

ती भिंत माझी वैरीण झाली आहे. फेब्रुवारीत पक्षाघात झाला त्यानंतर कितीतरी दिवस हे तिच्याकडेच बघत असत. डॉक्टर लक्ष्मीनारायण म्हणाले, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच येतं. बोटं चालू ठेवा, त्यांना आवडेल ते करू द्या. मी कणीक दिली, जपमाळ दिली, तांदूळ निवडायला दिले. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात जन्म घालवलेल्या माणसाने तांदळाकडे ढुंकून पाहिलं नाही. एके दिवशी आपण होऊन विजूच्या टेबलाशी जाऊन बसले. त्याचा गाडीचा जुना खेळ आहे, डोंगरातला रस्ता आणि निळी गाडी. बाणांच्या कळा दाबायच्या. तेव्हापासून रोज बसतात, दुसऱ्या वळणावर दरीत जातात, आणि पुन्हा सुरू करतात. हल्ली मात्र लवकर चिडतात.

मला वाटतं, यंत्र मंद झालं आहे. स्वतःचा मंदपणा सोसणाऱ्याला वर यंत्राचाही सोसायला लावू नये.

विजूचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं.

"अम्मा, ते ४८६ आहे. म्युझियमला देऊन टाक. पेंटियम घे."

"डबा बदलला तर ह्यांना आपला वाटणार नाही."

"मग अप्पांना काय हवंय ते विचार ना."

"विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो."

"मग थांब ना."

थांब म्हणे. ह्यूस्टनमध्ये बसून थांब म्हणायला काय जातं?

१७ सप्टेंबर, बुधवार

कामवाल्या शिवकामीला ह्यांच्यापाशी बसवून महामहम तळ्याजवळच्या त्यागराजच्या दुकानात गेले. विजूचं यंत्र त्यानेच जोडलं होतं. दुकानात सांगाड्यांसारखे उघडे डबे आणि मधोमध स्टुलावर फिल्टर कॉफी.

"मामी, दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "पेंटियम घेतलात तर बोर्ड बदलावा लागेल, मेमरी बदलावी लागेल, सगळंच. नाहीतर घर तेच ठेवायचं आणि स्वयंपाकी नवा आणायचा. आत्ता तुमच्याकडे डीएक्स-टू चिप आहे, सहासष्टच्या वेगाची; डब्यावरचा लाल आकडा तोच. त्याच जागी डीएक्स-फोर बसेल, शंभरची."

"त्याच जागी? लगेच?"

"लगेच नाही. तुमचा बोर्ड पाच व्होल्ट देतो आणि ही चिप तीनच्या जरा वर चालते. तशीच बसवली तर जळून जाईल. मध्ये एक बैठक घालायची, ती व्होल्ट उतरवते."

"बाळाला मोठ्यांचं औषध पाणी घालून द्यावं तसं."

"अगदी. सर कुठला गेम खेळतात?"

"तोच. विजूचा गाडीचा."

तो डोकं खाजवू लागला. "तो फार जुना, मामी. त्याला शंभर म्हणजे... त्याला तर सहासष्टसुद्धा..."

"कमीच पडतं, माहीत आहे," मी म्हटलं. ह्यांच्या औषधाची वेळ होत होती. "मद्रासहून मागवून टाका. नवरात्रात मिळेल ना?"

घरी येईपर्यंत मन डीएक्स-फोर आणि पेंटियम यांच्यात येरझारा घालत होतं. रिक्षात बसूनही मी पायाने जमीन रेटत होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, वेदवती, तू बसलेली असलीस तरी पळत असतेस. टायपिंगच्या शर्यतीत मला कधी कोणी गाठलं नाही. त्या वर्गातली खिडकी, बाहेरचं नागचाफ्याचं झाड आणि घंटा होण्याआधीच संपलेला माझा कागद, सगळं आज उगीच आठवलं.

२१ सप्टेंबर, रविवार

त्यागराजला आज धावत बोलवावं लागलं.

सकाळी बाजारातून आले तेव्हा हे खेळत होते. मी नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांची पेटी काढली, दशावतार पुसले, राजाराणी पुसले. दुपारच्या जेवणाला बोलावलं तर हे उजव्या हाताने जेवले. अर्धा भात खाली सांडला, पण उजव्या हाताने जेवले! आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रस्ता..." मी म्हटलं, "खराब आहे?" मान हलवली. मी म्हटलं, "लांब आहे?" पुन्हा मान हलवली. मग कितीतरी वेळाने, मी ताक वाढून उठता उठता, "...चांगला."

इतका आनंद झाला की मीही टेबलाशी जाऊन बघू लागले, आणि तेव्हा डब्यावरचा लाल आकडा दिसला. सहासष्टच्या जागी तेहेतीस.

एकदम निम्मं! पडद्यावरची गाडी रांगत होती. यंत्र मरायला टेकलंय आणि ह्या भल्या माणसाला कळतसुद्धा नाहीये! मी बंद केलं. हे "नको" म्हणाले असावेत, मी ऐकत नव्हते. त्यागराजला फोन लावला. तो बिचारा सुट्टीच्या दिवशी आला, वाकला, एक बटण दाबलं आणि सहासष्ट परत आले.

"काही बिघडलं नाही, मामी. हे टर्बोचं बटण. आत असलं की यंत्र पूर्ण वेगाने पळतं, बाहेर आलं की निम्म्याने. फार जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेलं असतं."

"निम्म्याने पळणारं यंत्र कोणाला हवं असतं?"

"आता कोणालाच नाही," तो हसला. "कुणाचा तरी हात लागला असेल."

शिवकामीचा फडका लागला असणार. ती म्हणते, मी टेबलाकडे गेलेच नाही. असं पुन्हा होऊ नये म्हणून मी त्या बटणावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून टाकली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

एक चांगली गोष्ट घडते आहे. हे त्या पट्टीशी खेळतात. तर्जनीचं नख पट्टीच्या कडेला लावायचं आणि खरवडायचं. ज्या बोटाला फेब्रुवारीपासून आपलं काम आठवत नव्हतं ते बोट! खेळ बाजूला ठेवून तासन् तास तेच चालतं. कड सुटत आली की मी नवी पट्टी लावते, म्हणजे व्यायाम थांबायला नको. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, उत्तम, असंच काहीतरी लहान लक्ष्य हवं.

नवी पट्टी लावली की हे माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मात्र मला कळत नाही. थकत असावेत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

बाहुल्या मांडल्या. चिप अजून आलेली नाही. मी दिवसातून दोनदा त्यागराजला फोन करते. तो आता माझा आवाज ऐकताच म्हणतो, "मद्रासहून निघाली, मामी."

बाहुल्यांमध्ये चेट्टियारीण, ती वाण्याची बायको, मांडताना आमची फियाट आठवली. लग्नानंतर आडुतुरैच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची, एका चेट्टियाराकडूनच घेतलेली, राखी रंगाची. दर शुक्रवारी इथे कुंभकोणमला येत असू. हे इतकी हळू चालवत की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. डावीकडे भात दिसलं की आणखी हळू, कुठल्या वाणाला कीड लागली ते बघायचं असे. मी म्हणत असे, चला ना, पिशवी उघडून बसे, मिटे, खिडकी वर करी, खाली करी. एकदा ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "वेदा, तिरुविडैमरुदूरचं गोपूर दिसेपर्यंत तू एक शब्द बोलायचा नाहीस. जमेल?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं." मग दर शुक्रवारी तोच खेळ. गाडी सुरू केली की हे नुसतं गावाचं नाव घेत, "तिरुविडैमरुदूर", आणि मी तोंडावर बोट ठेवी. मला एकदाही जमलं नाही. अर्ध्या वाटेवर बोलून जाई आणि हे स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत.

आता ह्यांचं एक वाक्य ऐकायला मी काय देणार नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सरस्वतीपूजा

चिप आली! एवढीशी, राखाडी, खाली सोनेरी पायांची रांग. देवळातली लहान मुद्राच म्हणावी. त्यागराज म्हणाला होता, आज बसवू. पण आज हत्यारं चालवत नाहीत, आज त्यांचा पूजेचा दिवस. उद्या विजयादशमीला मुहूर्तावर बसवू म्हटलं.

पाटावर ह्यांची आडुतुरैची वही, माझा जुना टाइपरायटर, सुरी, कात्री आणि मधोमध ती चिप. सासूबाई जसं लावत तसं सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं. चिपला जरा जास्तच, नवीन आहे म्हणून. टेबलावरच्या डब्यालाही लावलं. आज यंत्राला हात लावायचा नाही, म्हणून हे दिवसभर अस्वस्थ होते. मी त्याहून. आल्यागेल्याला उकडलेल्या चण्यांचं सुंडल वाटत होते आणि डोळे पाटाकडे.

११ ऑक्टोबर, शनिवार

राहुकाळ टळल्यावर त्यागराज आला. जुनी चिप काढली, बैठक बसवली, नवी बसवली, वरून पंखा दाबला. लाल आकडा शंभर झाला! टर्बोचं बटण सुटलं तर मात्र तोच तेहेतीस, असं त्यागराज म्हणाला. मी पायसम केलं. यंत्र सुरू झालं आणि ह्यांनी कळा दाबायच्या आत गोठलं. पुन्हा लावलं, पुन्हा गोठलं. त्यागराज देवळात जायच्या घाईत होता, सोमवारी येतो म्हणाला. पायसम निवलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

त्यागराजने पंखा काढला आणि बघत राहिला.

"मामी, हे काय?"

"चंदन."

"मला वाटलं, नुसता टिळा असेल. हा तर थर आहे!"

"आयुधपूजेला लावायचं ते लावलं. तुम्ही दुकानात नाही लावत?"

"लावतो की. स्क्रूड्रायव्हरला लावतो, गल्ल्याला लावतो. पण डोक्यावर चंदन थापून वर घट्ट टोपी घातली तर भोवळ नाही येणार? सगळी उष्णता आतच!"

"मग बसवताना सांगायचं."

"विजयादशमीच्या दिवशी देवाचं चंदन मी पुसू? आई घरात घेईल का मला?"

पलंगावरून आवाज आला. हे हसत होते. आधी एक बाजू आणि मग दुसरी. मी आणि त्यागराज दोघंही वळून बघू लागलो, इतकं ते हसणं जुन्यासारखं होतं.

त्याने वाळलेलं चंदन खरवडलं, स्पिरिटने पुसलं आणि ट्यूबमधून पांढरा लेप लावला. मी म्हटलं, हेही चंदनच दिसतंय. म्हणाला, हे थंड करतं. मी म्हटलं, चंदन दुसरं काय करतं? तो हात जोडून निघून गेला.

यंत्र आता चालतं. शंभरवर चालतं. हे हसऱ्या चेहऱ्याने जाऊन बसले, खेळ लावला. रस्ता असा सुटला की मला तो दिसलाच नाही. वळण आलं ते कळायच्या आत गाडी दरीत. पुन्हा लावला. पुन्हा दरीत. मी म्हटलं, "बघा! केवढा वेग!" ह्यांनी कळांवरचा हात उचलला, डाव्या हाताने उजवा हात धरून मांडीत ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

सवय होईल.

२० ऑक्टोबर, सोमवार

सवय होत नाही. हे आठवडाभर टेबलाकडे फिरकले नाहीत. पट्टीसुद्धा तशीच आहे, तिची कड कोणी खरवडत नाही. जेवण पुन्हा डाव्या हाताने, तेही मी भरवते. तोंड भिंतीकडे. मी विचारते, "पाणी?" "उशी?" "पंखा?" पूर्वी मान तरी हलवत.

विजू फोनवर म्हणाला, "डीएक्स-फोरने काय होणार? मी म्हटलं होतं, पेंटियम घे." मलाही तेच वाटू लागलं आहे. आणखी वेगाचं घेतलं तर? त्यागराजला बोर्डाचंही विचारून ठेवलं आहे.

आज गोमतीअक्का आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण, मेलकावेरीहून. कावेरीच्या पुलावरून चालत येतात, सत्तरी ओलांडली तरी. भावाच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ नुसत्या बसल्या.

"मुकुंदास मजकडे धाड, वेदा. महिनाभर."

"का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही. इथे सगळं लवकर आहे. त्याने तोंड उघडलं की तू वाक्य पुरं करून टाकतेस. तो बोलेल कशास? मजकडे कोणी घाई करणार नाही. मीच जिना चढायला दुपार लावते."

मला राग आला. मी म्हटलं, मी त्यांच्यासाठी धावते आहे, यंत्रापर्यंत सगळं बदललं. अक्का म्हणाल्या, दाखव ते यंत्र. दाखवलं. दोन क्षण बघितलं आणि पदराने डोळे झाकले.

"अगे, हे काय पळतंय! ह्यास कोण धरील? आणि मुकुंदा? त्याच्या गाडीतून मी एकदाच गेले. वाटेत उतरून वांगी घेतली आणि चालत जाऊन पुन्हा गाडीत बसले."

त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही. शुक्रवारी दुपारी रिक्षा पाठवते म्हणून सांगून गेल्या. ह्यांना विचारलं, "अक्काकडे जाणार?" मी उत्तराची वाट बघितली नाही. उत्तर काय येईल याचीच भीती वाटली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी ह्यांची पिशवी भरली. चार धोतरं, औषधं, उशी. मग काही करायला उरलं नाही म्हणून टेबलाशी बसले आणि खेळ लावला. म्हटलं, ह्यांना जे जमत नाही ते बघू तरी. माझी बोटं अजून चपळ आहेत.

पहिल्या वळणावर दरीत.

पुन्हा दरीत. पुन्हा. टायपिंगची शर्यत जिंकणारी मी, एक वळण घेऊ शकले नाही. गाडी पडली की यंत्र धाडकन आवाज करतं. तो आवाज घरभर होत राहिला. मला आणखी राग येत गेला, मी आणखी जोरात कळा दाबत गेले. या रस्त्यावर कोणी काय बघायचं? झाड दिसत नाही, दरी दिसत नाही, काही नाही. याला गाडी चालवणं म्हणतात?

मागे चप्पल घासल्याचा आवाज आला. हे उठून आले होते. माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग उजवा हात पुढे आला, डब्याकडे, आणि तर्जनीचं नख पट्टीच्या कडेला लागलं.

माझा हात आपोआप त्यांना अडवायला पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. मी तो मागे घेतला.

हे खरवडत राहिले. कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. कड सुटली, पुन्हा चिकटली, पुन्हा सुटली. माझी बोटं शिवशिवत होती, एका ओढीत मी ती काढली असती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. शेवटी पट्टी लोंबू लागली, आणि ह्यांनी ते बोट बटणावर टेकवून अंगाचा सगळा भार त्यावर दिला. टक्. आकडा तेहेतीस.

पडद्यावर रस्ता मंद झाला. अजूनही ह्यांच्या मानाने जरा वेगच असेल, पण वळण येताना दिसत होतं. रस्त्याच्या कडेला झाडं होती. खाली नदीसुद्धा होती, ती मी आज पहिल्यांदा पाहिली.

मी खुर्ची दिली. हे बसले, मी शेजारी स्टूल ओढून बसले. पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी.

"अहो," मी म्हणणार होते, "हेच सांगत होता ना?" तेवढ्यात हे बोलू लागले.

"ति..."

मला वाटलं, तिसरं वळण. ओठांवर आलंही होतं.

"तिरु..."

गाडी एका झाडाला घासून पुढे गेली. हे थांबले, गाडी सरळ केली, पुन्हा शब्द शोधू लागले. अख्खं नाव मला ठाऊक होतं. ते कशासाठी आहे तेही ठाऊक होतं.

"तिरु... विडै..."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, अक्कांनी पाठवलेली. कोणीतरी हाक मारली. मी उत्तर दिलं नाही. पडद्यावर एक पूल आला, तो गेला.

"...मरु... दूर."

हे माझ्याकडे वळून बघू लागले, एका बाजूने हसत, दुसरी बाजू यायची होती. मी तोंडावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवलं.